कोकणात जुनी गाडी घेताना आधी खाली वाका

आमची पहिली गाडी आम्ही दिवाळीत घेतली. पांढरी, सहा वर्षांची, एकाच मालकाची, चाळीस हजार किलोमीटरसुद्धा न झालेली. मालकाचं घर समुद्राला लागून आणि गाडी माडांच्या सावलीत उभी. रंग इतका तुकतुकीत की आम्ही बाकी काही बघितलंच नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या सीटखाली पाणी साचायला लागलं म्हणून गॅरेजला नेली. मिस्त्रींनी पायाखालची मॅट उचलली, स्क्रूड्रायव्हरचं टोक खालच्या पत्र्यावर टेकवलं आणि हलकंच दाबलं. ते आरपार गेलं. त्या भोकातून मला गॅरेजची ओली जमीन दिसली. "हा पत्रा नाय, नुसता रंग उरलाय," एवढंच ते म्हणाले. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडण्यात आमची दीड वर्षाची बचत गेली.

तेव्हापासून वाडीतलं किंवा नात्यातलं कोणी जुनी गाडी बघायला निघालं की मी सोबत जातो. जुन्या गाडीबद्दल सल्ला मिळतो तो साल, किलोमीटर आणि मालक किती, या तीन गोष्टींचा. देशावर तेवढं पुरत असेल. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात चौथा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा: या गाडीने पावसाळे कुठे काढले? पहिलीच गाडी घेणाऱ्या आणि हातात मोजकेच पैसे असलेल्या घरांसाठी, गाडी कशी बघायची ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: घरात बसून हिशोब

जवळ तीन लाख असतील तर तीन लाखांची गाडी बघायची नाही. दोन साठ, फार तर दोन सत्तर. राहिलेले पैसे हे गाडीचेच पैसे आहेत, फक्त ते पहिल्या दोन महिन्यांत लागतात. विमा, गाडी नावावर करणं, इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेकपॅड, बहुतेक वेळा बॅटरी आणि बऱ्याचदा टायर. लहान गाडीचे चार टायर बदलायचे म्हटले तर साधारण पंधरा हजारांच्या आसपास जातात. हे पैसे बाजूला नसले की घरात गाडी येते आणि झिजलेल्या टायरवर पावसाळा काढावा लागतो. कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याज नव्यापेक्षा जास्त असतं, आणि गाडी फार जुनी असेल तर बँका हात आखडता घेतात. म्हणून गाडी ठरवण्याआधी बँकेत किंवा पतपेढीत विचारून या.

मग गाडीत कोण बसणार ते मांडा. आमच्याकडे आईला महिन्यातून दोनदा चिपळूणला डॉक्टरांकडे न्यावं लागतं, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. तिचे गुडघे दुखतात. बसक्या गाडीत तिला बसवताना आणि उठवताना दोघं लागायची. वॅगनआरसारख्या उंच दाराच्या गाडीत ती स्वतः बसते. हा फरक कुठल्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो, म्हणून घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला गाडी बघायला सोबत न्या आणि बसवून बघा. घरात सहा-सात माणसं असतील तर ईको किंवा जुनी अर्टिगा. चार माणसं आणि रोजचं थोडंसं फिरणं असेल तर ऑल्टोसुद्धा पुरते, पण चौघं बसवून घाटी चढताना एसी बंद करावा लागेल ही तयारी ठेवा.

पेट्रोल की डिझेल, हा वाद लांबवू नका. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरच्या आत फिरणं असेल तर पेट्रोलच. जुनी डिझेल गाडी स्वस्तात दिसते, पण तिचं एक मोठं काम निघालं की वाचवलेलं सगळं जातं. सीएनजी बघत असाल तर तीन गोष्टी बघा: आरसी बुकावर सीएनजीची नोंद, सिलिंडरच्या तपासणीची तारीख (ती दर तीन वर्षांनी करावी लागते) आणि तुमच्या रोजच्या रस्त्यावर पंप आहे का. सिलिंडरमुळे डिकी जवळजवळ संपते. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगा कुठे ठेवणार, ते आधीच ठरवा.

सुटे भाग तालुक्याला मिळाले पाहिजेत. शेवरोलेची विक्री भारतात 2017 च्या शेवटी थांबली, फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. या गाड्या चांगल्या आहेत आणि स्वस्तही मिळतात. पण लहानसा भाग मागवायला आठवडा लागला आणि तेवढ्यात घरात कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काय, हा विचार करा. पहिली गाडी तुमच्या गावच्या मिस्त्रीने शंभर वेळा उघडलेली असावी.

एका बाबतीत मात्र काटकसर करू नका. एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या कितीतरी स्वस्त मॉडेलमध्ये या दोन्ही नाहीत. ओल्या घाटात अचानक ब्रेक मारल्यावर चाकं जागच्या जागी अडकणं काय असतं ते मी अनुभवलं आहे. पंधरा-वीस हजार जास्त गेले तरी एबीएसवाली गाडी घ्या.

दुसरी पायरी: पावसाळे कुठे काढले?

नंबरप्लेटवरून पूर्ण उत्तर मिळत नाही. एमएच 08 म्हणजे रत्नागिरी, 07 सिंधुदुर्ग, 06 रायगडसाठी पेण, 09 कोल्हापूर, 12 पुणे. पण राज्यातल्या राज्यात गाडी विकली गेली तरी नंबर तोच राहतो. पुण्याच्या नंबरची गाडी आठ वर्षं दाभोळात उभी असू शकते. म्हणून माणसाला विचारा, शेजाऱ्याला विचारा, सर्व्हिसच्या बिलांवर गावाचं नाव बघा.

किनाऱ्यावरच्या गाडीला आणखी तीन प्रश्न. पहिला, ती पुळणीवर जायची का? पर्यटनाच्या गावांत गाडी थेट वाळूत नेण्याची हौस फार आहे, आणि लाटेचं पाणी एकदा खाली उडालं की ते फटीफटींत बसतं. दुसरा, रोज फेरीबोटीतून जायची का? दाभोळ ते धोपावे किंवा दिघी ते आगरदांडा अशी रोजची ये-जा असेल तर जेटीच्या उतारावरचं खारं पाणी चाकांनी रोज अंगावर घेतलेलं असतं. तिसरा, धुवायला पाणी कुठलं? खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी असेल तर मालकाने जितक्या प्रेमाने गाडी धुतली तितकी ती लवकर कुजली.

चाकरमान्यांची गावाला ठेवलेली गाडी हा आणखी एक प्रकार. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर ती जागची हलत नाही. मीटरवर वीस हजार किलोमीटर बघून लोक हरखतात. पण उभ्या गाडीचे टायर आतून कडक होतात, बॅटरी बसते, ब्रेक जाम होतात आणि उंदीर वायरी कुरतडतात. अशी गाडी वाईट असतेच असं नाही, कधी कधी ती उत्तम सौदा असते. फक्त कमी किलोमीटरसाठी जास्त पैसे देऊ नका.

घाटावरची गाडी, म्हणजे कराड, सांगली, कोल्हापूरकडची, गंजाच्या बाबतीत बहुतेक वेळा उजवी. आमची दुसरी गाडी मी कुंभार्ली घाट चढून पलीकडून आणली, आणि तिचा खालचा पत्रा बघून आमच्या मिस्त्रींचा चेहरा खुलला होता. पण घाटावरची म्हणजे कोरडी, असं धरून चालू नका. 2019 आणि 2021 मध्ये कोल्हापूर-सांगलीतही पाणी शिरलं होतं.

तिसरी पायरी: खाली वाका

जाताना टॉर्च, गोणपाट, मऊ फडक्यात गुंडाळलेलं लहान चुंबक आणि जुने कपडे न्या. शक्यतो सकाळी जा. गाडी कोरडी हवी. धुऊन ठेवलेल्या ओल्या पत्र्यावर पॉलिशचे ओरखडे, रंगातला फरक काहीच दिसत नाही. मालकाने ओली करून ठेवली असेल तर बसा, चहा घ्या, वाळू द्या.

गोणपाट अंथरून आडवे व्हा. सगळ्यांत आधी दारांखालची लांब कड, जिथे जॅक लावतात ती. तिथला पत्रा दुहेरी असतो, गंज आतून सुरू होतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला पुठ्ठ्यासारखा बद्द आवाज देतो. रंगाला पापुद्रे किंवा बारीक फोड आले असतील तर खाली गंज आहे. खालून नुकतंच काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर विशेष संशय घ्या, कारण गंजावर कोटिंग मारलं की तो आत झाकून वाढतो. कधी मारलं, मारण्याआधी घासलं का, याचं उत्तर मागा. पुढच्या शॉकअपची वरची बैठक बॉनेट उघडून बघा, मागच्या चाकांजवळ सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलं जातं ती जागा खालून बघा. ब्रेकच्या लोखंडी नळ्याही. दाराचा खालचा गंज पैशाने निघतो. सस्पेन्शनची बैठक कुजली असेल तर ती गाडी फुकट मिळाली तरी घरच्यांना तिच्यात बसवू नका.

सायलेन्सर तांबूस दिसला तर घाबरू नका. ब्रेकच्या डिस्कवर रात्रभरात आलेला गंजही चार ब्रेक मारले की जातो.

मग डिकी. गालिचा काढा, स्टेपनी बाहेर काढा. हे करायला मालक कंटाळतात, तरी करा. मागच्या वर्षी एका बंदराच्या गावात आम्ही एक छान दिसणारी हॅचबॅक बघितली. स्टेपनी उचलली तर खालच्या खोलगट भागात पांढरट मीठ वाळून बसलेलं आणि त्याखाली पत्रा जाळीदार झालेला. त्या गाडीतून रोज थर्माकोलच्या खोक्यांतून मासळी जायची. बर्फाचं पाणी झिरपून स्टेपनीखाली साचायचं, आणि ते काढायचं असतं हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मालक प्रामाणिक होता, त्यालाही ते त्या दिवशीच कळलं. आंब्याच्या पेट्या वाहिलेल्या गाड्या वेगळ्या ओळखू येतात: मागून बसक्या दिसतात, मागची सीट घासलेली असते. डिकीवर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर मागचे शॉकअप गेले.

चुंबक दारांवर, चाकांवरच्या कमानींवर, छतावर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्यावर पुट्टी भरलेली आहे. बंपर प्लास्टिकचे असतात, तिथे ते धरणारच नाही.

चौथी पायरी: पुराची गाडी ओळखणं

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा शेकडो घरांसमोरच्या गाड्या पाण्याखाली गेल्या. महाडलाही तेच झालं. राजापूर, खेड, खारेपाटण इथल्या बाजारांत पाणी येणं नवीन नाही. बुडालेल्या गाड्यांपैकी कितीतरी दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येतात. यात विकणाऱ्याचा कायमच खोटेपणा असतो असं नाही, कधी कधी तो स्वतःच तिसरा मालक असतो.

सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढा. वरचा हातभर भाग रोज दिसतो म्हणून स्वच्छ केलेला असतो. गुंडाळलेला आतला भाग कोणी धूत नाही, आणि पाणी जिथवर चढलं तिथे मळकट रेघ उमटलेली राहते. मग सीटच्या खाली हात घालून लोखंडी रुळांवरचा गंज बघा, डॅशबोर्डखालचे स्क्रू आणि फ्यूजची पेटी बघा, हेडलाइटच्या काचेच्या आत डाग आहेत का ते बघा, पायाखालचा गालिचा एका कोपऱ्यात उचलून नाक लावा.

इथे नवखा माणूस एका गोष्टीत फसतो. आपल्याकडच्या प्रत्येक गाडीत जांभ्याची तांबडी धूळ असतेच, दारांच्या फटीत, रबराखाली, डिकीच्या कडेला. ती कोरडी असते, बोटाने पुसली की जाते आणि मुख्यतः खालच्या उघड्या फटींत असते. पुराचा गाळ वेगळा. तो मातकट करडा, पिठासारखा बारीक असतो, वाळून चिकटलेला असतो आणि जिथे धूळ जायचं कारणच नाही अशा बंद जागी सापडतो: सीटबेल्टच्या गुंडाळीत, डॅशबोर्डच्या मागे, वायरींच्या जोडांत. तांबडी धूळ बघून चांगली गाडी सोडू नका, आणि करडा गाळ दिसल्यावर किंमत कितीही उतरली तरी ती गाडी घेऊ नका. आजकालच्या गाडीत वायरींचं जाळं सगळीकडे आहे. पाणी प्यालेल्या वायरी वर्ष-दीड वर्षाने एकेक करून दगा देतात.

पाचवी पायरी: चालवून बघा, आणि चढावर बघा

जाण्याआधी फोन करून सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून बघा, गार हवं. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू झालं पाहिजे. मागे कोणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत मिनिटभर दिसला तर ती वाफ, पण गाडी गरम झाल्यावरही निघत राहिला तर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जातंय. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, दुधाळ चॉकलेटी लगदा दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळलं असण्याची शक्यता आहे. चावी फिरवल्यावर इंजिनाचा, एबीएसचा आणि एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. अजिबातच लागत नसेल तर कोणीतरी तो काढून टाकलाय.

मग गाडी सपाट रस्त्यावर नव्हे, घाटीवर न्या. आपल्याकडे वाडीत शिरायचे रस्ते उभे चढाचे, आणि अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय सगळ्यांना. त्यामुळे कोकणातल्या गाडीचा क्लच किलोमीटरच्या मानाने लवकर जातो. चढावर पूर्ण थांबा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवरचा पाय उचला. गाडी जागेवर राहिली पाहिजे. तिथूनच पहिल्या गिअरमध्ये उचला. इंजिनाचा आवाज वाढतोय आणि गाडी मात्र जागची हलत नाही, जळका वास येतोय, तर क्लच प्लेट संपत आली आहे. ते काम किमतीतून वजा करून घ्या. उतारावर मोकळ्या जागी ब्रेक दाबा, गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. खड्ड्यातून काचा बंद करून हळू न्या आणि कान द्या.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी सहा-सात वर्षांचा टायर ओल्या रस्त्यावर भरवशाचा नाही.

जमलं तर गाडी जुलै-ऑगस्टमध्येच बघायला जा. लोक पावसात टाळतात, पण छताची आणि दारांची गळती, वायपर, एसी लावल्यावर काचेवरची वाफ जाते की नाही, हे सगळं एका फेरीत कळतं. त्या महिन्यांत गिऱ्हाईकही कमी असतं.

इतकं झाल्यावर गाडी पसंत पडली तर तुमच्या ओळखीच्या मिस्त्रींना पाचशे-हजार रुपये आणि जाण्या-येण्याचा खर्च देऊन सोबत न्या. विकणाऱ्याने सुचवलेला मिस्त्री नको. गाडी लिफ्टवर किंवा पिटवर घ्यायला मालक तयार नसेल तर नमस्कार करून परत या.

सहावी पायरी: कागद

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विम्याची मुदत आणि बोजा, म्हणजे गाडीवरचं कर्ज, दिसतो. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलन थकलेलं आहे का तेही नंबरवरून बघा. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चॅसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळतेय ते यावरून लक्षात येईल.

आपल्याकडे एक अडचण वारंवार येते. गाडी दाखवतो गावातला पुतण्या, आणि आरसीवर नाव मुंबईच्या काकांचं. काकांशी स्वतः बोला, सही त्यांचीच लागते. ते हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर गाडी व्हावी लागते, त्याला फॉर्म 31. "नंतर बघू, सगळे घरचेच आहेत" या शब्दांवर पैसे देऊ नका. सिंधुदुर्गात गोव्याच्या नंबरची गाडी स्वस्त दिसते, पण बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर तिकडचं ना हरकत पत्र, इथला कर आणि नवा नंबर आला. तो कर आधी विचारून किमतीत धरा.

विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याचाच राहतो, त्यामुळे हप्त्याचा फरक भरावा लागेल.

सातवी पायरी: भाव

घासाघीस करताना गाडीला नावं ठेवू नका. ज्याने आठ वर्षं ती सांभाळली त्याला ते लागतं. काय-काय काम निघालं त्याचा कागद मिस्त्रींकडून लिहून घ्या आणि तोच पुढे ठेवा: टायर इतके, क्लच इतका, बॅटरी इतकी. बयाणा पाच हजारांच्या वर देऊ नका आणि कागदावर लिहून घ्या. बाकीची रक्कम बँकेतून द्या. दोन्ही चाव्या, सर्व्हिसची बिलं, जॅक आणि पान्हा मागायला विसरू नका.

गाडी दारात आल्यावर

पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, कुलंट, ब्रेक ऑइल आणि सगळे फिल्टर बदला, आधीच्या मालकाने कालच बदललं म्हणाला तरी. खालचं कोटिंग करायचं तर मे महिन्यात, खालचा पत्रा धुऊन, घासून, पूर्ण वाळवून. समुद्राजवळ राहत असाल तर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याची नळी गाडीच्या खाली धरा, वरचा रंग नाही धुतला तरी चालेल. आणि प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायची दोन-तीन बारीक भोकं असतात, ती तांबड्या मातीने बुजतात आणि दार आतून पाणी धरून बसतं. आमच्याकडे दर रविवारी माझी मुलगी माडाचा हीर घेऊन चारी दारांची भोकं मोकळी करते. पावसाळ्यात कधी कधी पेलाभर पाणी निघतं.